दीड व्होल्टचा सेल पुरतो, मग लोहचुंबक का पुरत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे : "जुन्या डब्बा टीव्हीजवळ लोहचुंबक नेला की चित्र वाकडं व्हायचं, रंग फिसकटायचे. एलसीडीवर तोच चुंबक फिरवला तर काहीच होत नाही. कॅल्क्युलेटर मात्र दीड व्होल्टच्या सेलवर आकडे दाखवतो. मग द्रव स्फटिकांवर विद्युतक्षेत्राचा परिणाम होतो आणि चुंबकीय क्षेत्राचा होत नाही, असं समजायचं का?"

तसं समजू नका. परिणाम दोन्हींचा होतो. एलसीडी म्हणजे द्रव स्फटिकांचा पडदा, कॅल्क्युलेटरचाही तसाच. तुमचा चुंबक हरतो, कारण या पडद्यातला द्रव स्फटिकाचा थर फार पातळ असतो. पातळ थर फिरवायला तर सोपा असायला हवा, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं, एम.एस्सी.च्या प्रकल्पात दोन काचा समोर ठेवून बघेपर्यंत. आता मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, आणि हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हा पदार्थ डोळ्यांसमोर आणू. आमच्याकडे गळीत हंगामात रस्तोरस्ती उसाच्या ट्रॉल्या असतात. एखादी ट्रॉली बाजूने नीट बघा. सगळे ऊस एकाच दिशेने आडवे असतात, पण त्यांची टोकं एका रेषेत नसतात. एखादा हातभर पुढे, एखादा वीतभर मागे. दिशा एक, जागा मात्र कशीही. आता कल्पना करा की हे ऊस एकमेकांवरून सहज घसरताहेत, जागा बदलताहेत, पण एकूण दिशा सोडत नाहीत. लांबट रेणूंचा असा द्रव म्हणजे नेमॅटिक द्रव स्फटिक. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : अर्ध्या उसांचे बुडखे इकडे आणि अर्ध्यांचे तिकडे असले तरी चालतं. नेहमीच्या नेमॅटिकमध्ये 'पुढे' आणि 'मागे' असा भेद नसतो, फक्त रेघ असते. (भेद असलेलाही नेमॅटिक असू शकतो, असं भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न यांनी १९१६ मध्येच मांडलं होतं. तो खात्रीने हाती लागायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. पण तुमच्या कॅल्क्युलेटरमध्ये तो नाही.)

अशा रेणूवर विद्युतक्षेत्र लावलं की तो लांबीच्या दिशेने जास्त ध्रुवीभूत होतो (म्हणजे त्यातले धन आणि ऋण भार एकमेकांपासून किंचित सरकतात), आडव्या दिशेने कमी. त्यामुळे क्षेत्राला समांतर उभं राहणं त्याला ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडतं. चुंबकाचंही तसंच, फक्त कारण वेगळं. या रेणूंमध्ये लोखंड वगैरे काही नसतं. बेंझिनची कडी असतात. चुंबकीय क्षेत्र कड्याच्या सपाटीला काटकोनात आलं की कड्यातले इलेक्ट्रॉन त्याला विरोध करणारा प्रवाह चालू करतात. हा विरोध टाळायचा तर कड्याची सपाटी क्षेत्राला समांतर हवी, म्हणजे रेणूची लांबीही क्षेत्राच्या दिशेने. म्हणून ज्याला आपण 'चुंबकीय नसलेला' पदार्थ म्हणतो, तोसुद्धा चुंबकापुढे वळतो.

पण किती जोराने? इथे आकडे बघण्यासारखे आहेत. जॉर्ज ग्रे यांच्या गटाने इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात १९७३ च्या सुमारास सायनोबायफिनाइल नावाचे द्रव स्फटिक बनवले. त्यातला '५सीबी' हा प्रयोगशाळांतला सगळ्यांचा लाडका. पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या थरावर एक व्होल्ट लावला, तर ५सीबीच्या एका रेणूच्या वाट्याला येणारी वळण्याची ऊर्जा ही खोलीच्या तापमानातल्या उष्णतेच्या हेलकाव्यापेक्षा सुमारे पन्नास लाखपट कमी भरते. एक टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) दणदणीत चुंबकाने तर त्याहूनही कमी. म्हणजे एकट्या रेणूला क्षेत्राची दखलसुद्धा घेता येणार नाही. साध्या पाण्यात किंवा तेलात असे रेणू विरघळवून ठेवले तर हा सेल आणि हा चुंबक दोन्ही निरुपयोगी.

द्रव स्फटिकात रेणू एकटा नसतो. पाच मायक्रॉनच्या इवल्याशा घनात तीस हजार कोटींहून जास्त रेणू बसतात आणि ते शेजाऱ्यांची दिशा सोडत नाहीत. वळायचं तर सगळ्यांनी मिळून. एकेकाची न जाणवणारी ओढ अशी बेरजेला लागते. द्रव स्फटिकांचं सगळं आश्चर्य मला इथे दिसतं, पडद्यावरच्या रंगांपेक्षाही जास्त.

आता अडवतं कोण? भिंती. काचेच्या आतल्या बाजूला पॉलिमरचा पातळ लेप देऊन तो मखमलीने एकाच दिशेने घासतात. काचेला चिकटलेले रेणू त्या दिशेत जखडले जातात आणि सहजी हलत नाहीत. वरची काच आणि खालची काच दोन्हीकडे हीच पकड. मधल्या रेणूंना क्षेत्राकडे वळायचं असेल, तर काचेपासून मध्यापर्यंत दिशा हळूहळू वाकवत न्यावी लागते, आणि त्या वाकण्याला पदार्थाचा स्थितिस्थापक विरोध असतो.

आकाशकंदिलाची एक कामटी घ्या. दोन्ही टोकं तळहातांत धरून आत दाबा. थोडं दाबलं तर काही होत नाही, कामटी सरळच राहते. आणखी दाबा, तरी सरळ. मग एका ठरावीक जोराला ती एकदम कमानीसारखी फुगते. द्रव स्फटिकाचं अगदी तसंच. क्षेत्र वाढवत जा, काही नाही, काही नाही, आणि मग एका उंबरठ्यावर मधला थर कलायला लागतो. यालाच फ्रेडरिक्स संक्रमण म्हणतात. कामटी डावीकडे फुगेल की उजवीकडे हे जसं आधी सांगता येत नाही, तसं इथेही रेणू दोन बाजूंपैकी कुठल्याही बाजूला कलू शकतात. मग थराच्या एका भागात एक कल, शेजारी उलटा, आणि मध्ये कुरूप रेघ. पडदे बनवणारे म्हणूनच भिंतीवरच्या रेणूंना आधीच दोन-चार अंशांचा कल देऊन ठेवतात.

व्सेव्होलोद फ्रेडरिक्स हे सोव्हिएत रशियातल्या लेनिनग्राडचे भौतिकशास्त्रज्ञ. १९२७ साली त्यांनी हे संक्रमण दाखवलं, तेही चुंबकाने. त्यांची युक्ती मला फार आवडते : द्रव स्फटिक सपाट काच आणि बहिर्गोल भिंग यांच्यामध्ये भरायचा. तुम्ही न्यूटनची कडी बघितली असतील, तीच मांडणी. मध्याशी थर पातळ, कडेला जाड. एकाच नमुन्यात सगळ्या जाड्या हजर. क्षेत्र लावलं की बाहेरचा जाड भाग वळतो आणि आतला पातळ भाग जागचा हलत नाही, दोहोंमध्ये स्वच्छ वर्तुळ दिसतं. क्षेत्र वाढवलं की वर्तुळ आत सरकतं. उंबरठ्याचं क्षेत्र गुणिले जाडी हा गुणाकार कायम राहतो, हे त्यातून निघालं. या माणसाला १९३६ मध्ये स्टालिनच्या राजवटीत अटक झाली आणि १९४४ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात फक्त एका संज्ञेपुरतं येतं याचं मला वाईट वाटतं, म्हणून वर्गात मी एवढं सांगतेच.

तर, पातळ थर का अडतो? हातभर वेळू वाकवून बघा आणि मग त्याचाच वीतभर तुकडा वाकवा. तुकडा ऐकत नाही. पातळ थरात दिशेला थोड्याच अंतरात वळण घ्यावं लागतं, त्यामुळे विरोध जास्त. जाडी निम्मी केली की लागणारं क्षेत्र दुप्पट. ५सीबीसाठी ढोबळ हिशोब केला तर शंभर मायक्रॉनच्या थराला सुमारे ०.०७ टेस्ला पुरतो, पंचवीस मायक्रॉनला ०.२८, आणि पडद्यात असतो तसल्या पाच मायक्रॉनला १.४ टेस्ला लागतो. चांगल्या निओडिमियम चुंबकाच्या अगदी पृष्ठभागावरही साधारण अर्धा टेस्लापर्यंतच क्षेत्र मिळतं. तुमचा चुंबक उंबरठ्याच्या अलीकडेच थांबतो, आणि उंबरठ्याच्या अलीकडे थोडासुद्धा परिणाम दिसत नाही.

मग विद्युतक्षेत्राला हाच नियम का नाही? आहे ना! शंभर मायक्रॉनच्या तुलनेत पाच मायक्रॉनच्या थराला विद्युतक्षेत्रही वीसपट लागतं. पण क्षेत्र म्हणजे व्होल्ट भागिले अंतर. थर वीसपट पातळ केला की त्याच व्होल्टमध्ये क्षेत्र आपोआप वीसपट होतं. दोन्ही गोष्टी एकमेकींना छेदून जातात आणि उंबरठ्याच्या सूत्रात जाडी उरतच नाही. ५सीबीसाठी उत्तर येतं पाऊण व्होल्टच्या आसपास, थर कितीही जाड असो. पाच मायक्रॉनवर पाऊण व्होल्ट म्हणजे मीटरला दीड लाख व्होल्ट! चुंबकाच्या बाबतीत अशी सवलत मिळत नाही. काचा जवळ आणल्या म्हणून चुंबक जोरकस होत नाही.

आता माझ्या दोन काचा. प्रकल्पात मी काचांना लेसिथिनचा लेप दिला होता, त्यामुळे रेणू काचेला काटकोनात उभे राहतात आणि आडव्या-उभ्या दोन पोलरायझरमध्ये नमुना काळा दिसतो (पोलरायझर म्हणजे एकाच दिशेचं कंपन असलेला प्रकाश सोडणारी पट्टी). काचांमध्ये अंतर राखायला एका नमुन्यात शंभर मायक्रॉनची मायलरची (एक प्लास्टिक) पट्टी, दुसऱ्यात पंचवीसची. दोन्ही बाजूंना जुन्या हार्ड डिस्कमधले चुंबक लावले. मधलं क्षेत्र गॉसमीटरवर सुमारे ०.१५ टेस्ला आलं. जाड नमुना ठेवला, काळ्यावर हळूहळू उजेड पसरला. पातळ ठेवला, काळाच राहिला. पुन्हा जाड ठेवला, पुन्हा उजेड. पदार्थ तोच, चुंबक तेच. त्या दिवशी मी ते पंधरा-वीस वेळा तरी करून बघितलं असेल. मग घासलेल्या काचांचे दहा आणि पंचवीस मायक्रॉनचे नमुने घेऊन व्होल्ट वाढवत नेले, तर दोन्ही पाऊण व्होल्टपाशीच जागे झाले.

डब्बा टीव्हीची गोष्ट निराळी आहे. तिथे धावते इलेक्ट्रॉन असतात आणि चुंबकीय क्षेत्र धावत्या विद्युतभाराला थेट वळवतं. उंबरठा वगैरे काही नाही. शिवाय पडद्यामागची लोखंडी जाळी स्वतःच चुंबकित व्हायची, म्हणून रंगांचे डाग चुंबक काढल्यावरही राहायचे.

कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही काचा एकमेकींना काटकोनात घासलेल्या असतात, त्यामुळे दिशा वरून खाली जिन्यासारखी नव्वद अंश फिरते. प्रकाशाचं कंपनही तिच्याबरोबर फिरतं आणि दुसऱ्या पोलरायझरमधून बाहेर पडतं. व्होल्ट लावला की मधले रेणू उभे राहतात, जिना मोडतो, प्रकाश अडतो, आकडा काळा दिसतो. शाट आणि हेल्फ्रिश यांनी १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये याचं पेटंट दाखल केलं. व्होल्ट काढल्यावर रेणूंना परत आणतात त्या भिंतीच, आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो : पाच मायक्रॉनला साधारण तीस-पस्तीस मिलिसेकंद, दहाला त्याच्या चौपट. म्हणून पडद्यात थर पातळच हवा.

एक सूचना, प्रयोग करणार असाल तर. द्रव स्फटिकाला सेल थेट जोडू नका. 'पुढे-मागे' भेद नसल्यामुळे व्होल्ट उलटसुलट केला तरी रेणू तसेच उभे राहतात, म्हणून पडदे नेहमी एसीवर चालवतात. डीसी दिला तर पदार्थातले अशुद्ध आयन काचांकडे जाऊन साठतात, क्षेत्र झाकून टाकतात, आणि पुढे पदार्थच खराब होतो. कॅल्क्युलेटरमध्येही सेल आणि पडदा यांच्यामध्ये बसलेली चिप हीच अदलाबदल करत असते.

आणि तापमान सांभाळा. आमच्या नात्यातल्या एका गुऱ्हाळावर हिशोबाचा कॅल्क्युलेटर चुलवाणाच्या कट्ट्यावर राहिला आणि त्याचा सगळा पडदा काळा पडला. काका म्हणाले, गेला. सावलीत आणून ठेवला, दहा मिनिटांत आकडे परत आले. उष्णतेने रेणूंची एकदिशा मोडली होती, द्रव साधा झाला होता, जिना नाहीसा झाला होता. कॅल्क्युलेटरमधली मिश्रणं बरंच तापमान सोसतात, शुद्ध ५सीबी मात्र साधारण चोवीस ते पस्तीस अंशांतच नेमॅटिक असतो. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी माझे नमुने असेच साध्या द्रवात जायचे आणि चुंबक कितीही लावला तरी काळेच राहायचे. मी सकाळी आठच्या आत प्रयोग उरकायचे. तुम्हीही शंभर मायक्रॉनचा नमुना करून बघणार असाल तर सकाळीच करा.