मेसेज वडिलांच्या मोबाइलवर

ताई,

तुमचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एम थ्रीचा, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरचा बॅक (नापास होऊन राहिलेला विषय) त्याने तुमच्यापासून दोन महिने लपवला आणि रात्रीच्या फोनवर तो ‘हो’, ‘नाही’, ‘जेवलो’ यापलीकडे बोलत नाही. अशा मुलाला आधार कसा द्यावा, असे तुम्ही विचारता. पत्राच्या शेवटी जाता जाता तुम्ही लिहिले आहे, की हल्ली तो एक तारखेलाच एटीएममधून सगळे सहा हजार काढून घेतो, ‘ह्यांच्या मोबाइलवर मेसेज येतो त्यावरून कळते’, आणि म्हणून तुम्हाला व्यसनाची शंका येते.

मी त्या मेसेजपाशीच थांबले. खाते मुलाचे, पण तो अकरावीत असताना उघडले म्हणून त्याला जोडलेला नंबर अजून वडिलांचा! म्हणजे गेले दीड वर्ष त्याने कार्डावर घेतलेली प्रत्येक वही आणि मित्रांबरोबर खाल्लेली प्रत्येक मिसळ कराडच्या घरात कळत राहिली, आणि ‘आज मेसमध्ये जेवला नाहीस का?’ असे त्याला रात्री विचारले गेले, हे तुम्हीच लिहिता. शिवाय खात्याला जोडलेल्या नंबरचे सिम फोनमध्ये असल्याशिवाय यूपीआय सुरूच होत नाही. त्यामुळे टपरीवर बाकीचे स्कॅन करून पैसे देत असताना ‘मी नंतर देतो’ म्हणण्याची पाळी तुमच्या मुलावर येत असणार. एकोणीस वर्षांच्या मुलाला हे किती झोंबत असेल! त्याने जास्तीचा एक रुपयाही मागितलेला नाही, मग व्यसनाचा संशय कशावरून? तुमच्या घरातला मोबाइल महिन्यातून एकदाच वाजावा, एवढीच सोय त्याने करून घेतली आहे. मला त्याचा राग येत नाही, तुमचा येतो. ज्याला मिसळीचाही हिशेब द्यावा लागतो, तो नापास झाल्याचे आपण होऊन कशाला सांगेल?

एम थ्रीचे फार मनावर घेऊ नका. तो विषय पुष्कळांचा राहतो आणि पुढे सुटतो.

कायद्याने तो १८ पूर्ण होताच सज्ञान झाला. आता तो सुट्टीला येईल तेव्हा, दुसरा आणि चौथा शनिवार टाळून, वडिलांनी त्याच्याबरोबर बँकेत जावे, अर्जावर त्याचा नंबर त्याच्याच हाताने लिहू द्यावा आणि सही करू द्यावी. घरी कुरकुर होईल, ती होऊ द्या. पैसे नेहमीप्रमाणे एक तारखेला भरा, पण त्या रात्री तुम्ही फोन करू नका. त्याचा येईपर्यंत थांबा, मग तो दोन दिवसांनी आला तरी चालेल.