तुमच्याकडे ही गोष्ट कशी सांगतात?

प्रिय बेटा,

तुझा मेसेज मिळाला, एवढा मोठा की वाचताना चहा गार झाला. परीकथा, लोककथा, त्यांची नवी रिटेलिंग्ज म्हणजे जुनी गोष्ट नव्याने सांगणारी पुस्तकं, हे सगळं जीव लावून वाचतेस, ह्याच वेडाची चार माणसं जमवायचीत, आणि ऑफिसात विषय काढला की "अजून हेच वाचतेस?" ऐकून गप्प बसावं लागतं. फोनवर टाइप करत बसले तर अर्धंच सांगून होईल म्हणून नीट पत्र लिहिते, सावकाश वाच.

पहिलं म्हणजे लोकांना बोलावताना "मला लोककथा फार आवडतात, तुम्हाला आवडतात का" असं विचारू नकोस. बहुतेक जण नाहीच म्हणतील, कारण लोककथा म्हटलं की त्यांना शाळेतला धडा आठवतो. सरळ गोष्टच सांग. ऑफिसात डबा खाताना, कोणाकडे बसायला गेलीस तेव्हा, एखादी छोटी गोष्ट सांगून टाक आणि मग एकच विचार की तुमच्याकडे ही गोष्ट कशी सांगतात? बास. एवढ्या प्रश्नावर माणसं कशी उघडतात बघ, ज्यांनी वर्षानुवर्षं पुस्तक हातात धरलेलं नाही तेसुद्धा "अरे आमची आजी तर वेगळंच सांगायची" म्हणून सुरू होतात.

आणि सुरुवात भोपळ्यापासून कर, माझं ऐक. लेकीकडे निघालेली म्हातारी, रानात वाघ भेटतो, ती म्हणते लेकीकडे जाऊ दे, जाडजूड होऊ दे, मग मला खा, आणि परत येताना भोपळ्यात बसून चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. आपल्या मराठी घरात ही गोष्ट माहीत नाही असं माणूस मिळणार नाही. आता तुझ्या शेजारच्या गुजराती मैत्रिणीला विचार, ती म्हणेल "दीकरीने घेर जावा दे, ताजीमाजी थावा दे", ठेका जवळजवळ तोच. बंगाली माणूस भेटला तर त्यांच्याकडे भोपळ्याच्या जागी दुधी असतो आणि म्हातारीची कुत्री असतात, शेवटी ती त्यांना हाक मारते आणि कुत्री धावून येऊन तिला सोडवतात. आणि इराणमध्येसुद्धा ही म्हातारी आहे! तिथेही ती लेकीकडे जाते, तिथेही वाटेत लांडगा वगैरे मंडळी तिला खायला टपलेली असतात, तिथेही ती भोपळ्यातून गडगडत परत येते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की भेटेल त्याला सांगत सुटले होते. कुठली कोण ती म्हातारी, मुंबईला जाईल नाहीतर तेहरानला, जिथे जाईल तिथे लेकीकडे चार दिवस राहून तूप खाऊन येते.

ह्यासाठी बडोद्याइतकी सोयीची जागा नाही असं मला खरंच वाटतं. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेली आपली मराठी घरं, भोवती सगळं गुजराती, फाळणीनंतर आलेले सिंधी, वर रिफायनरी आणि फर्टिलायझरच्या टाउनशिपमुळे बंगाली, तमिळ, मल्याळी, बिहारी, सगळेच. एका सोसायटीच्या बाकावर पाच भाषांतल्या आज्या बसलेल्या असतात, आणखी काय पाहिजे.

आता एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळ, तुमच्या बैठकीत "ओरिजिनल" ह्या शब्दावरून भांडण होऊ देऊ नकोस. कोणीतरी येणारच जो म्हणेल, तुम्हाला माहितीये का, खरी सिंड्रेला अशी नव्हतीच, खरी गोष्ट किती भयानक होती वगैरे. त्याला शांतपणे विचार, खरी म्हणजे कुठली? काचेचा बूट फ्रेंच पेरोच्या 1697 च्या पुस्तकात आहे. पण त्याच्या आठशे वर्षं आधी, नवव्या शतकात, चीनमध्ये येश्येन नावाच्या मुलीची गोष्ट लिहून ठेवलेली आहे, सावत्र आई, जिवलग मासा, सावत्र आई तो मासा मारून खाते, त्याच्या काट्यांकडे मागितलं की मिळतं, आणि सोन्याचा जोडा हरवतो. म्हणजे पेरो नकली का? की येश्येनच्याही आधी कोणीतरी सांगतच होतं? ग्रिम बंधूंचं बघ, 1812 च्या पहिल्या आवृत्तीत स्नोव्हाईटला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे, 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. त्यांनीच बदललं, लेकरांच्या हातात पुस्तक जातंय म्हटल्यावर आईला वाईट दाखवणं त्यांना जड गेलं असणार असं लोक म्हणतात आणि मलाही ते पटतं. पण ह्यातून "बघा कसं लपवलं" एवढाच निष्कर्ष काढून थांबायचं नसतं, इथूनच खऱ्या गप्पा सुरू होतात, आपल्या कहाण्यांमधली आवडती-नावडती आठव, सावत्रपणा आपल्याकडे सवतीच्या रूपाने का येतो, सासूच्या रूपाने का येतो, ह्यावर तुम्ही संध्याकाळच्या संध्याकाळ बोलू शकाल.

अभ्यासकांनी गोष्टींना नंबर दिलेत तेही माहीत असू दे. आर्ने नावाच्या फिनिश माणसाने 1910 मध्ये यादी केली, मग थॉम्पसनने वाढवली, 2004 मध्ये उथरने नव्याने मांडली. सिंड्रेला 510 अ. घरी बसून शोधाशोध करायला हे फार उपयोगी आहे पण बैठकीत नंबर फेकत बसू नकोस, कोणीतरी आजीची आठवण सांगत असताना "हो हो, ही अमुक टाइपची" म्हटलंस की ते माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही.

रिटेलिंगबद्दल तू विचारलंस की नवी पुस्तकं वाचणारे आणि जुन्या गोष्टीच खऱ्या मानणारे, दोघांना एकत्र कसं बसवायचं. ह्यावर मी जरा लांब बोलणार आहे कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे आणि उत्तर आपल्या बडोद्यातच आहे. सतराव्या शतकात इथे प्रेमानंद नावाचा कवी होऊन गेला, गुजराती माणसाला हे नाव सांगावं लागत नाही, आपल्या मुलांना मात्र सांगावं लागतं. त्याची आख्यानं माणभट्ट म्हणवणारे कथेकरी लोकांना ऐकवत, बोटांत अंगठ्या घालून समोरच्या धातूच्या घड्यावर, म्हणजे माणावर, ताल धरायचा आणि रात्र रात्र कथा लावायची. प्रेमानंद सुरतेला, आपल्या नंदुरबारलाही राहिलेला. त्याचं ओखाहरण, म्हणजे उषा-अनिरुद्धाचं आख्यान, चैत्रात अजून गुजराती घरांत ऐकतात.

तर त्याचं नळाख्यान. नळ-दमयंती महाभारतातले, सगळ्यांना माहीत. राज्य गेलं, दोघं रानात उपाशी. पुढचा प्रसंग महाभारतात नाही, तो आख्यानात आहे: नळ कसेबसे मासे पकडतो, दमयंतीच्या हातात देतो आणि आंघोळीला जातो. दमयंतीच्या हातात अमृत आहे, हे तिला मिळालेलं वरदान. तिचा हात लागतो आणि मेलेले मासे जिवंत होऊन टुणकन पाण्यात उडी मारून जातात. ती रिकाम्या हातांनी बसून राहते. नळ परत येतो, मासे कुठे? ती खरं सांगते, पण कोण विश्वास ठेवेल? त्याला वाटतं भुकेपोटी हिने एकटीनेच खाल्ले.

बघ ना काय केलंय! महाभारतात कलीने पछाडलेला नळ तिला झोपेत टाकून निघून जातो. आख्यानात त्याच्याही आधी नवराबायकोमध्ये भुकेनं संशय शिरतो, तोही तिच्या वरदानामुळेच. ऐकायला बसलेल्या बायकांना उपास, रिकामी चूल आणि नवऱ्याचं टाकून बोलणं कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हे रिटेलिंग आहे, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. म्हणून जुनी गोष्ट मानणाऱ्यांना सांग की गोष्टी अशाच पुढे आल्यात, आणि नवं वाचणाऱ्यांना ह्याच प्रसंगावरून परीक्षा शिकव. ती परीक्षा अशी की घातलेली नवी गोष्ट जुन्या गोष्टीच्या पोटातून आली आहे का? मासे निसटणं हे नळाच्या दुर्दैवातून, दमयंतीच्या स्वयंवरातल्या देवांच्या कृपेतून आलेलं आहे, वरून चिकटवलेलं नाही. हल्ली बरीच पुस्तकं येतात ज्यात राजकन्येच्या हातात तलवार दिली की झालं नवं, राक्षसाला चांगला केला की झालं नवं. मला ती वाचवत नाहीत. पण जे पुस्तक गोष्टीतल्या गप्प बसलेल्या माणसाकडे नीट बघतं, ते कितीही उलटंपालटं असू दे, मी पहाटेपर्यंत वाचते. तू तुझी परीक्षा बनव, माझीच घे असं नाही, फक्त बैठकीत "आवडलं" आणि "बोअर झालं" ह्याच्या पुढे जायला काहीतरी हातात पाहिजे.

श्रावणातल्या कहाण्या घेशील तेव्हा थोडं जपून. खुलभर दुधाची कहाणी तुला साहित्य म्हणून आवडते, मलाही, राजाच्या दवंडीने गावातलं सगळं दूध ओतून गाभारा भरत नाही आणि घरातल्या लेकरावासरांना पोटभर पाजून म्हातारीने आणलेल्या खुलभर दुधाने भरतो, इतकी सुंदर आणि इतकी रोखठोक गोष्ट मला दुसरी माहीत नाही. पण समोर बसलेल्या एखादीसाठी ते तिचं सोमवारचं व्रत आहे, ती हातात अक्षता घेऊन ती कहाणी ऐकते. तिच्यासमोर चिरफाड करायची नाही असं नाही, पण आधी तिला वाचू दे, तिच्या चालीत, आटपाट नगर होतं पासून साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण पर्यंत, आणि मग बोला.

ऐकण्याबद्दल तर सांगितलंच पाहिजे. राजस्थानात म्हण आहे, बात में हुंकारो, फौज में नगारो. सांगणाऱ्याला हुंकार लागतो. तुमच्यात दोन माणसं फार बोलकी निघतील आणि बाकीचे ऐकत राहतील, हे दर वेळी होतं, तेव्हा बोलक्यांना हुंकार द्यायचं काम दे, खरंच तसं ठरवून टाक, आज तू फक्त "हं, मग?" म्हणायचंस. आणि फोन आत ठेवायला सांग, रेकॉर्डिंगसाठी एकच बाहेर.

रेकॉर्डिंगवरून आठवलं. कोणाच्या आजीकडून गोष्ट घेतलीस तर आधी विचारून घे की पुढे कोणाला ऐकवली तर चालेल ना. मग तिचं नाव, गाव, तिला कोणी सांगितली, कधी सांगायचे, हे गोष्टीच्या वरच लिहून ठेव, आणि तिची बोली सुधारू नकोस, "गेल्ती" म्हणाली तर "गेल्ती"च लिही. 1868 मध्ये मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीने, मेरी फ्रिअरने, दख्खनमधल्या गोष्टींचं पुस्तक काढलं. त्या सगळ्या गोष्टी तिच्या आयाने सांगितलेल्या, अॅना लिबेराटा डिसूझा तिचं नाव, तिला तिच्या आजीने सांगितलेल्या. मेरीने पुस्तकात अॅनाची स्वतःची कहाणीही घातली, म्हणून आज आपल्याला ते नाव माहीत आहे. त्या काळात कितीतरी साहेबांनी गोष्टी गोळा केल्या आणि सांगणाऱ्याला "एक म्हातारी नोकराणी" एवढ्यात उरकलं. तू तसं करू नकोस ग.

पुस्तकांसाठी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा, सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून ह्या कामाला लावले होते, आणि पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवायचे, म्हणजे अनोळखी माणसांनी एकच पुस्तक आळीपाळीने वाचायची सवय ह्या मातीत जुनी आहे. दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर मराठीतून, झवेरचंद मेघाणी आणि गिजुभाई बधेका गुजरातीतून, एवढे चार आधी. गुजराती लिपी येत नाही हे कारण सांगू नकोस, इथे जन्म गेलाय तुझा, दुकानांच्या पाट्या वाचतेसच ना.

आणि पहिल्या दिवशी दोनच जण आले तर? येऊ देत. आपल्या पैठणच्या गुणाढ्याची गोष्ट तुला माहीत असेल, सात लाख श्लोकांची बृहत्कथा सातवाहन राजाने नाकारली, पैशाची, म्हणजे पिशाचांच्या मानलेल्या, भाषेत आणि रक्ताने लिहिलेली म्हणून, तेव्हा तो रानात अग्नी पेटवून एकेक पान वाचायचा आणि आगीत टाकायचा. ऐकायला फक्त जनावरं, चरणं सोडून, डोळ्यात पाणी आणून उभी. शेवटी शिकारीचं मांस इतकं वाळकं यायला लागलं की राजा आजारी पडला आणि चौकशी करत धावत आला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाखच उरले. मी ही गोष्ट सांगताना दर वेळी जनावरांपाशी थांबते, तुम्ही कुठे थांबता ते बघा. तुमच्या बैठकीसाठी ही फार चांगली आहे, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला घे.

कमाटी बागेत भेटायचं म्हणतेस ते थंडीत ठीक आहे, मे महिन्यात कोणी येणार नाही, तेव्हा आमच्याकडे या. हॉलमध्ये आठ-दहा जण आरामात बसतील. खाण्याचं मोठं प्रकरण करू नका, शेव आणि चहा, नाहीतर पुढच्या वेळी यजमान कोण ह्यावरच गाडी अडते.

तुझी आजी अजून शुक्रवारची कहाणी पाठ म्हणते असं तू मागे म्हणाली होतीस. ह्या रविवारी जाऊन लिहून घे, आणि मला कळव की तिच्या कहाणीत भावाच्या घरच्या जेवणातून बहिणीला हात धरून उठवतात तेव्हा ती काय बोलते, कारण माझ्या आईच्या कहाणीत ती तिथे काहीच बोलायची नाही.

तुझी,
मावशी