वाचकांचे प्रश्न : वादळानंतरची वर्गणी

प्रश्न : १ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळाने ग्रेनेडा देशातील कॅरियाकू हे बेट उद्ध्वस्त केले. सरकारला विम्याचे पैसे लगेच मिळाल्याचे वाचले. मग बाहेरच्या लोकांनी वर्गणी कशासाठी गोळा करायची? निसर्ग वादळानंतर आमच्या मुंबईकर मंडळानेही वर्गणी काढली होती, म्हणून विचारतो.
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : विम्याचे पैसे मिळाले हे खरे. २००४ च्या आयव्हन वादळात वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास दुप्पट नुकसान सोसल्यावर ग्रेनेडाने धडा घेतला. कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये मिळून उभारलेल्या आपत्ती विमा निधीत घरोघरच्या पंचनाम्यांची वाट पाहत नाहीत. वाऱ्याचा वेग आणि वादळाचा मार्ग यांवरून नुकसानीचा अंदाज बांधतात आणि साधारण पंधरवड्यात रक्कम देतात. ग्रेनेडाला अशी चार कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. शिवाय कर्जरोख्यांच्या करारात वादळाचे कलम आधीच घालून घेतल्याने परतफेडही काही काळ लांबणीवर टाकता आली. पंचनाम्यासाठी हेलपाटे घातलेल्या कोकणातल्या माणसाला याचा हेवा वाटेल.

मात्र हा पैसा सरकारी तिजोरीत येतो. रस्ते, वीज, दवाखाने आणि शाळा यांची सोय लावता लावता तो आटतो, आणि विमा न उतरवलेल्या घराच्या मालकाला आपले छप्पर बहुधा स्वतःच घालावे लागते. कॅरियाकूवर छप्पर गेले की पाणीही जाते. बेटावर बारमाही नदी नाही. पत्र्यावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळीतून टाकीत उतरवायचे आणि कोरड्या महिन्यांत तेच पुरवून वापरायचे, अशी तेथील जुनी रीत. ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने बहुतेक घरांचे पत्रे उचकटले, तेही पावसाळ्याच्या तोंडाशी. पाऊस सरण्याआधी छप्पर बसले नाही, तर घर भिजते आणि पुढे उन्हाळ्यात टाकीही रिकामी राहते. सरकारी याद्या तयार होईपर्यंत एवढी सवड कोणाला असते?

येथे वर्गणी कामी येते. तुमच्या गावाला मुंबई, तसे कॅरियाकूला न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन आणि इंग्लंड. पिढ्यान्‌पिढ्या तेथे गेलेले लोक मोठाली पिंपे भरून गावी सामान धाडतात. पहिल्या आठवड्यांत तांदूळ, ताडपत्री आणि औषधे यांची पिंपे मोलाची ठरतात. त्यानंतर मात्र माझ्या मते रोख रक्कमच पाठवावी, कारण जुन्या कपड्यांचे गठ्ठे धक्क्यावर जागा अडवतात आणि ते निवडायला कामाची माणसे गुंततात. रोख पैशातून पत्रे, लाकूड आणि सुताराची मजुरी भागते; वासे भिंतीला जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांसाठीही त्यात तरतूद हवी, कारण नव्या पत्र्यांच्या घाईत नेमक्या त्याच वगळल्या जातात. मासेमारांच्या होड्यांसाठीही काही वाटा राखावा. वाऱ्यापासून आडोसा म्हणून टायरेल उपसागराच्या कांदळवनात नेऊन बांधलेल्या बोटीसुद्धा या वादळात एकमेकींवर आदळून मोडल्या.

पैसे देण्यापूर्वी मंडळाला एवढेच विचारावे, की कोणाचे छप्पर आधी घालायचे हे बेटावरचे कोण ठरवणार आणि खर्चाचा हिशेब कोठे लावणार.