मोबाइल मागायच्या आधी काय झालं?

"मॅडम, मोबाइल हातातून घेतला की हा आमचा पोरगाच राहत नाही. परवा पाण्याची बाटली फेकून मारली मला." मानेवाड्याहून आलेल्या ताई बोलत होत्या आणि तिसरीतला मुलगा माझ्या टेबलावरच्या पेपरवेटमधला बुडबुडा बघत बसला होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मोबाइलनं पोरगं चिडकं झालं, काय करू, ही तक्रार माझ्याकडे समुपदेशनाला सगळ्यात जास्त येते.

मीही आधी ठरलेलंच उत्तर दिलं. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ५ ते १० वर्षांच्या मुलांना दिवसाला दोन तासांपेक्षा कमी स्क्रीन सांगते. त्या हिशेबानं वेळापत्रक लिहून दिलं. आठवड्यानं ताईंचा फोन आला, "मॅडम, जादूच झाली." मला बरं वाटलं, खरं सांगायचं तर जरा जास्तच. पुढच्या आठवड्यात त्याच वेळापत्रकाचे चार तुकडे पिशवीत घालून त्या समोर येऊन बसल्या.

पहिल्या भेटीत त्या एक वाक्य बोलून गेल्या होत्या. मी ते टिपून घेतलं होतं, ऐकलं मात्र नव्हतं. "मे महिन्यात तर दिवसभर मोबाइलच पाहत होता, पण असा भडकत नव्हता." नागपूरच्या मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारभर पोरं कूलरसमोर कोंडलेली. तेव्हा आईनं फोन दिला तर मी तिला बोल लावणार नाही. पण बघण्याचे तास मेमध्ये जास्त आणि राग जुलैत जास्त, हे कसं? नुसत्या तासांनी राग येत असता तर उलटं व्हायला हवं होतं.

मग मिनिटं मोजणं बाजूला ठेवलं. ताईंना साधी दोनशे पानी वही घ्यायला सांगितली. रोज एवढंच लिहा, म्हटलं: त्यानं मोबाइल मागितला, त्याच्या आधी अर्धा तास काय चाललं होतं, आणि घरात कोण होतं.

तीन आठवड्यांनी वही आली. सुरुवातीला नुसतंच "काहीच नाही झालं". मग हळूहळू अक्षर भरत गेलेलं. "मंगळवार. व्हॅनमधून उतरला. बूट फेकले. जेवला नाही. मोबाइल." "बुधवार. तेच." आणि पुढच्या आठवड्यात: "बाबांसोबत आला. वरणभात दोनदा घेतला. चारला मोबाइल मागितला. साडेचारला परत दिला."

वडील बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला. दुसरी पाळी असली की दुपारी तेच मुलाला शाळेतून स्कूटरवर आणतात आणि मग कामावर जातात. पहिली पाळी असली की व्हॅन. माझ्या वेळापत्रकाची जादू म्हणजे दुसऱ्या पाळीचा आठवडा होता!

मुलाला थेट विचारून काही हाती लागलं नसतं. खेळण्यांच्या टोपलीतली व्हॅन काढली, बाहुल्या दिल्या. त्यानं सगळे मागे कोंबले, एकाला पुढे ड्रायव्हरजवळ बसवलं.

"हा पुढे काहून बसला?"

"मागे बसलं की बोलायला लावतात."

"काय बोलायला?"

बराच वेळ तो चाक फिरवत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "लिक्षा."

त्याला 'र' येत नव्हता. व्हॅनमधली मोठी पोरं त्याच्याकडून रिक्षा, रविवार म्हणवून घ्यायची आणि घर येईपर्यंत हसायची. गेममध्ये तोंड उघडावं लागत नाही.

२०२५ मध्ये 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये ११७ अभ्यासांचं आणि सुमारे २ लाख ९२ हजार मुलांचं एकत्रित विश्लेषण आलं. जास्त स्क्रीन बघणाऱ्या मुलांमध्ये पुढे चिंता, आक्रमकपणा वाढलेला दिसला. आणि ज्यांना आधीपासूनच असा त्रास होता, ती मुलं पुढे स्क्रीनकडे जास्त वळली. गेमच्या बाबतीत हा धागा अधिकच घट्ट. त्यामुळे "मोबाइल बंद करा" हे अर्धंच उत्तर, आणि "व्हॅनचं निस्तरा, मोबाइल आपोआप सुटेल" हेही अर्धंच. कारण गेलं तरी लागलेली सवय मागे उरतेच.

वडील व्हॅनवाल्या काकांशी बोलले, मुलाची जागा पुढे झाली. 'र'साठी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. मोबाइलची वेळ ठरलेलीच ठेवली. फक्त खेळ ऐन रंगात असताना फोन हिसकायचा नाही, "ही मॅच झाली की दे" असं आधीच सांगायचं. रात्री घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. जेवताना टीव्हीही बंद, असं मी सुचवलं होतं. ते आजींनी साफ उडवून लावलं. त्यांची मालिका साडेआठला असते.

तान्ह्या पोळ्यानंतर ताई पुन्हा आल्या. आमच्याकडचा हा पोरांचा पोळा: लाकडी नंदी घेऊन घरोघरी जायचं, हातावर पडेल तो बोजारा. वहीत त्या दिवशीची नोंद होती: "लाकडी नंदी घेऊन आठ घरी गेला. बोजारा मोजला, नव्वद रुपये. मग मोबाइल मागितला. चिडला नाही."

"आता वही बंद करू का, मॅडम?"

सोमवारपासून पहिली पाळी होती. तेवढा आठवडा लिहा, म्हटलं.