वाचकांचे प्रश्न : टपालथांब्याआधीचं हावी

प्रश्न : दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सदर्न एमिग्रंट ट्रेल या स्थलांतरितांच्या जुन्या वाटेच्या नकाशावर व्हॅलेसिटो या ठिकाणाच्या नावापुढे ‘टपालगाडीचा थांबा’ एवढंच लिहिलेलं असतं. आधी तिथे कुमेयाय या मूळनिवासी लोकांचं गाव होतं का? मग ते गेलं कुठे?

उत्तर : होतं, हावी त्याचं नाव. थांबा त्या गावाच्याच पाण्यावर उभा राहिला. बटरफिल्ड टपालमार्गाची १८५८ची अंतरं पाहिली की कारण कळतं. पूर्वेकडून येताना इंडियन वेल्स ते कॅरिझो क्रीक हे ३२ मैल कोरडे. पुढे पाम स्प्रिंग ९ मैलांवर आणि तिथून व्हॅलेसिटो आणखी ९. तहानलेली जनावरं इथल्या पाणथळ कुरणावर सोडली जात.

कुमेयायांच्या पायवाटा याच झऱ्यांवरून जात होत्या. १८४७च्या जानेवारीत मॉर्मन बटालियनने, म्हणजे अमेरिकी सैन्यातल्या मॉर्मन पंथीयांच्या तुकडीने, वायव्येकडच्या बॉक्स कॅन्यनचे कडे कुऱ्हाडींनी फोडून गाड्यांपुरती जागा केली. चांगली अवजारं कोलोरॅडो नदीतच गमावली होती म्हणून कुऱ्हाडी! गाड्यांची वाट झाली आणि १८४९पासून सोन्यासाठी निघालेल्यांची रीघ लागली. ज्या गवतांचं बी गावकरी दळून खात, ती गवतं गुरांनी फस्त केली. पाणी गढूळ झालं, साथी आल्या. थांब्याच्या भिंतीसुद्धा त्याच पाणथळ जमिनीतून मुळांसकट कापलेल्या गवताच्या ढेकळांच्या. आज दिसते ती इमारत १९३४ साली पुन्हा उभारलेली आहे.

हावीला गाव न मानता ‘हंगामी तळ’ म्हणणाऱ्यांशी मात्र आम्ही सहमत नाही. शरदात ओकची फळं गोळा करायला माणसं डोंगरावर जात, हे खरं. पण शिमूल, म्हणजे पितृकुळ, आपलं गाव आणि आपला झरा धरूनच असे.

प्रश्न : कुमेयाय लोक घायपात भाजून खात, असं वाचलं. ती कशी भाजत?

उत्तर : सगळं वेळेवर अवलंबून. वसंतात फुलाचा दांडा नुकताच वर येऊ लागला की झाड काढायचं. दांडा फुलला की साखर त्यात खर्च होते आणि गाभा चोथट लागतो. टणक लाकडी पहारीने झाड उचकटायचं, पानं छाटून गड्डा मोकळा करायचा. खड्ड्याला दगडांचं अस्तर लावून त्यात काही तास जाळ करायचा. निखारे बसले की गड्डे ठेवायचे, पानं आणि माती टाकून वाफ कोंडायची. एक ते तीन दिवस तिकडे बघायचं नाही. घाई केली तर कच्च्या रसाने ओठ आणि घसा चरचरतो. नीट भाजलेला गाभा तपकिरी, गोड आणि तंतुमय होतो. दोरे थुंकून टाकायचे. उरलेल्या गाभ्याच्या वड्या थापून वाळवत, त्या टिकत.

प्रश्न : तिथल्या खडकांतले खळगे माणसाने केलेले की पावसाने?

उत्तर : आत बोट फिरवायचा मोह आवरा आणि तिरप्या उन्हात नुसतं बघा. कुटण्याचं उखळ तोंडाशी गोल, तळाकडे निमुळतं आणि आतून गुळगुळीत असतं. शेजारी बहुधा दळण्याने झिजलेला सपाट, चकचकीत पट्टाही दिसतो. पावसापाण्याच्या झिजेने झालेला खळगा वेडावाकडा, तळाशी सपाट आणि खरखरीत. आकार नीट दिसावा म्हणून खडूने रेघा ओढू नका. आसपास पडलेलं तांबूस खापर तिथेच राहू द्या : जागेवरून हललं की ते कुठल्या थरातलं, हे कुणालाच सांगता येत नाही.