पेटीतल्या कपड्यांचं वय कसं काढायचं

नागपूर

बेटा, अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. महाल भागातल्या वाड्यातली ती ट्रंक उघडून तू कपड्यांचे दोन ढीग केलेस: नऊवारी ते जुने, गोल साड्या त्या नव्या. ते ढीग आधी मोडून टाक. एकाच घरात, एकाच सणाला सासू नऊवारीत, सून पाचवारीत आणि धाकटी परकर-पोलक्यात असायची. नेसण्यावरून फार तर बाईची पिढी कळते. कापडाचं साल वेगळ्या खुणांवरून काढावं लागतं.

नियम एकच ठेव. कपड्यातली सगळ्यात उशिराची गोष्ट शोधायची. कपडा तिच्या आधीचा असू शकत नाही. मात्र ती मूळची आहे की मागाहून दुरुस्तीत आली, हे पाहिल्याशिवाय साल लिहायचं नाही. चुका बहुतेक इथेच होतात. शंभर वर्षांच्या लुगड्याला नातीने फॉल लावला, तर फॉलचं वय लुगड्याला चिकटतं.

सुरुवात छाप आणि चिठ्ठ्यांपासून कर. गिरणीच्या कापडाच्या टोकाला शिक्का असतो. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, म्हणजे तिचा शिक्का त्याआधीचा नाही. लांबी वारात छापली असेल तर कापड साधारण १९६२ च्या अलीकडचं नाही, कारण १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने मीटर आलं आणि १९६२ पर्यंत रुळलं. घडीत दुकानाची पावती सापडली तर नशीबच. हिशेब आण्यांत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ मधला. जुन्या सवयीने आण्यांत लिहिणारे दुकानदार नंतरही होते, म्हणून ‘बहुधा’.

मग टेबलावर धुतलेली पांढरी चादर अंथरून पातळ पूर्ण उलगड. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. टेपमध्ये साडेपाच मीटर आले तरी ती मूळचीच पाचवारी समजू नकोस. दोन्ही टोकं बघ. एक पदराचं; दुसऱ्या टोकाला काठाची नक्षी अर्ध्यातच तुटून दुमडलेली असेल, तर ते कापलेलं नऊवारी आहे. उरलेल्या तुकड्याचं परकर-झबलं झालेलं त्याच ट्रंकेत सापडेल.

पातळाच्या मधोमध आडवी शिवण दिसली तर तो दंड. बसायच्या जागी लुगडं विरलं की तेवढा भाग कापून दोन्ही तुकडे जोडत. खिडकीसमोर धर, दंडाच्या आजूबाजूचं कापड विरळ झालेलं दिसेल. खालच्या काठावर आतून सुईच्या भोकांची ओळ असेल, अडीच-तीन मीटर लांब, काठापासून चार-पाच इंच वर दुसरी, तर तिथे फॉल होता आणि उसवला गेला. म्हणजे कधीतरी हे पातळ गोल नेसलं गेलं.

चोळी उलटी कर. समोर गाठ मारायची असेल तर गुंड्या-हूक शोधू नकोस. शिवणीतली माया, म्हणजे आत दुमडून सोडलेलं जादा कापड, हलकेच उघडून बघ: तिथे ऊन लागलेलं नाही, मूळ रंग तिथेच सापडतो. दोन्ही बाजूंनी सारखे, एकसंध टाके म्हणजे मशीनची टीप. हाताचा धावदोरा कितीही सुबक असला तरी भिंगाखाली टाके कमीजास्त दिसतातच.

रंगाबद्दल घाई नको. आपल्याकडे लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून निघे, निळा नीळ घालून. झगझगीत जांभळा दिसला तर तो १८५६ नंतरच्या रसायनी रंगाचा असण्याची शक्यता मोठी. कुसुंब्याचा, म्हणजे करडईच्या फुलांचा, गुलाबी असेल तर पाणी लावूच नकोस, तो धुण्यात जातो आणि उन्हात उडतो.

भंडाऱ्याकडची करवती काठाची साडी आली असेल तर काठ उलटा करून बघ. करवतीच्या दात्यांसारखी ती नक्षी तीन धोट्यांनी विणतात; काठाचा आणि अंगाचा बाणा (आडवा धागा) दात्यापाशी एकमेकांत अडकलेला असतो. उलट्या बाजूला दाते फिकट पडले तर ते छापलेले. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण लोक सरळ बाजू पाहूनच कौतुक करत बसतात.

‘झेंडा सत्याग्रहातला सदरा’ असं घरचे सांगतील. १९२३ चा सत्याग्रह नागपुरात झाला हे खरं, पण ताण्याचं (उभ्या धाग्याचं) सूत एकसारखं असेल तर ते गिरणीचं सूत आहे, खादी नाही. कथा लिहून ठेव, पुराव्याच्या रकान्यात नको.

पांढऱ्या पातळाला ‘विधवेचं’ अशी चिठ्ठी तू लावलीस, ती काढ. जुन्या ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेचं वस्त्र लाल आलवण होतं. आणि याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत धम्मदीक्षेला आले होते. तुझं पातळ कोणत्या घरातून आलं ते आधी विचार.

धागा जाळून बघायचाच तर मायेतला दोन सेंटीमीटर, चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, काळा गोळा बोटांनी चुरतो. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. कृत्रिम रेशीमही (रेयॉन) सुतासारखंच जळतं, म्हणून चकाकणारा धागा कागदासारखा जळला तर गोंधळू नकोस.

मे महिन्याच्या दुपारी रेशमी कपडा उलगडू नकोस, आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते घडीवर तुटतं. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नकोस. घडी दर तीन-चार महिन्यांनी बदल.

आता तुझ्या यादीतल्या त्या जांभळ्या पातळाच्या आतल्या टोकाचा फोटो पाठव. उजेड तिरका घे, म्हणजे भोकं दिसतील.