केसपेपरला पेन लावू नका

प्रश्न : नमस्कार वकीलताई, नागपुरात मानेवाडा भागात माझं बारा खाटांचं हॉस्पिटल आहे. गेल्या वर्षी अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर एका पेशंटला इन्फेक्शन झालं, दुसरीकडे हलवावं लागलं. आता त्याच्या भावाने महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली आहे : हलगर्जीपणा केला, आणि केसपेपरच्या प्रती मागूनही दिल्या नाहीत. परिषदेची नोटीस आली आहे. मित्र म्हणतात, तिथे डॉक्टरच बसलेले असतात, साधं पत्र लिहून टाक. वकील नेलास तर उगाच संशय येईल. काय करू?

उत्तर : डॉक्टरसाहेब, मित्रांचं हे ऐकू नका. डॉक्टरने स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडावी, अशी तरतूद २००२ च्या आचारसंहितेच्या नियमांतच आहे. परिषद भरपाई द्यायला लावत नाही, पण तुमचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काही काळासाठी किंवा कायमचं काढू शकते.

वकील मात्र सुनावणीच्या तोंडावर शोधू नका. पहिला खुलासा जाण्याआधीच गाठा. खुलाशातलं एकेक वाक्य अपिलापर्यंत पाठ सोडत नाही.

काही वर्षांपूर्वी एक डॉक्टर खुलासा देऊन झाल्यावर माझ्याकडे आले. केसपेपर सगळा काळ्या शाईत, आणि दोन ओळींच्या मधे निळ्या पेनने दाटीवाटीने घुसवलेलं : ‘रात्री ११ वा. तपासले.’ सिस्टरच्या वहीत वेळ होती पहाटे २ ची. उपचार बरोबर होते हो, अगदी बरोबर होते! पण सुनावणीत मला त्या निळ्या ओळीवरच बोलत बसावं लागलं. अजून जीव हळहळतो. म्हणून हात जोडून सांगते, जुन्या कागदाला पेन लावू नका. नोंद राहिली असेल तर राहिली, असं खुलाशात सरळ लिहा.

केसपेपर, सिस्टरच्या नोंदी, संमतीपत्र, रिपोर्ट एकत्र करा, झेरॉक्सवर पानांचे नंबर टाका, मूळ कागद कुलपात ठेवा. इंडेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटने दावा केला तर कामी येणारा डॉक्टरांचा विमा, असेल तर विमा कंपनीला आजच लेखी कळवा.

प्रतींच्या बाबतीत तुमची बाजू मला कच्ची वाटते. पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. भावाचा अर्ज कोणी घेतला, कोणत्या तारखेला, सोबत पेशंटची सही होती का, हे रिसेप्शनवर आजच विचारा. उशीर झाला असेल तर कबूल करा. त्याने ऑपरेशनची बाजू लंगडी पडत नाही.

तोच भाऊ ग्राहक आयोगातही गेला, तर तिथे उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यानंतर आयोग उत्तर घेतच नाही. परिषदेचा निकाल विरोधात गेला, तर ६० दिवसांत राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नैतिकता व वैद्यकीय नोंदणी मंडळाकडे अपील करता येतं.

वकिलाकडे पहिल्याच भेटीला त्या रात्रीच्या ड्युटीवरच्या सिस्टरला सोबत न्या. ताप कधी चढला आणि तुम्हाला फोन कधी केला, हे बहुधा तिलाच नीट आठवत असेल.